किनाऱ्यावरील चक्रीवादळी वाऱ्याचा संगणकीय अंदाज आणि आपली बाग

(बागायतदार मेळाव्यातील भाषण)



खते, कलमे आणि कीड-रोग यांवर आज आपण बरेच ऐकले. माझा विषय थोडा वेगळा आहे. चक्रीवादळाच्या वाऱ्याचा अंदाज संगणकावर कसा तयार होतो, किनाऱ्याजवळ तो कोठे कमी पडतो, तो सुधारण्यासाठी काय चालले आहे आणि बागायतदाराने त्याचा उपयोग कसा करावा, हे मी सांगणार आहे. मी कृषिविद्येचा शिक्षक आहे. म्हणून हवामानशास्त्रातील गणित बाजूला ठेवून बागेच्या कामाचे तेवढेच बोलतो.

दिनांक ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नोंदीप्रमाणे त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १३० किलोमीटरपर्यंत जात होते. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील माड, सुपारी, आंबा आणि काजूच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. भात गेले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावता येते. बाणवली माड फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात, सुपारीला पाच-सहा वर्षे लागतात आणि भरात आलेल्या हापूसच्या कलमाची जागा भरून निघण्यास पंधरा-वीस वर्षे जातात. माडाच्या सावलीत लावलेली जायफळाची झाडे उन्हात उघडी पडतात ते नुकसान वेगळेच. म्हणून वाऱ्याचा आकडा दोन दिवस आधी बरोबर कळणे याला आपल्या दृष्टीने फार किंमत आहे.

पत्रकातील आकड्याचा अर्थ

हवामान पत्रकात 'वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३०' असे वाचले की तोच वारा आपल्या वाडीत येणार, असे आपण समजतो. या आकड्यामागील तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, हा वेग सरासरी आहे. आपल्याकडे तीन मिनिटांची सरासरी धरतात. अमेरिकेत एक मिनिटाची धरतात. तीही मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवरची. माडाचा शेंडा याहून उंच असतो आणि उंचीबरोबर वारा वाढतो.

दुसरी गोष्ट, हा आकडा वादळातील सर्वांत जोरदार वाऱ्याचा आहे. वादळाच्या डोळ्याभोवती ढगांचे जे कडे असते, त्यात हा वारा असतो. त्या कड्यापासून दूर गेल्यावर वेग उतरत जातो.

तिसरी गोष्ट, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की झाडावरील दाब चौपट होतो. समजा, अंदाज ताशी ९० किलोमीटरचा होता आणि प्रत्यक्षात १२० चा वारा आला. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण झाडावरचा दाब जवळजवळ पावणेदोन पट झाला. अंदाजातील लहान चूक बागेत मोठी होते, याचे कारण हे आहे.

संगणक अंदाज कसा बांधतो?

संगणक हवेचे चौकोनी वाफे पाडतो, असे समजा. जमिनीपासून वर आकाशापर्यंत या वाफ्यांचे थर असतात. प्रत्येक वाफ्यासाठी तापमान, बाष्प, हवेचा दाब आणि वारा यांचा एकेक आकडा असतो. उपग्रह, रडार, जहाजे, समुद्रातील तरंगती केंद्रे आणि हवेत सोडलेले फुगे यांच्याकडून आलेल्या नोंदींवरून सुरुवातीचे आकडे भरले जातात. मग पुढच्या काही सेकंदांत काय होईल याचा हिशेब संगणक करतो, त्यावरून त्यापुढच्या काही सेकंदांचा, आणि असे करत चार-पाच दिवसांपर्यंत जातो.

येथे वाफ्याचा आकार महत्त्वाचा आहे. माती परीक्षणासाठी आपण शेतातून ठिकठिकाणची माती घेऊन एकच नमुना करतो. शेत एकसारखे असेल तर तो नमुना खरे बोलतो. पण अर्धी जमीन कातळाची आणि अर्धी खाजणाची असेल, तर एकत्र केलेला नमुना कोणत्याच जमिनीचा राहत नाही. वादळाच्या बाबतीत हेच घडते. जोरदार वाऱ्याचे कडे पुष्कळदा १०-२० किलोमीटरच रुंद असते. वाफा १२ किलोमीटरचा असेल, तर कड्यातील जोरदार वारा आणि बाहेरील सौम्य वारा यांची एकच सरासरी निघते आणि वादळ कागदावर आहे त्यापेक्षा मवाळ दिसते.

म्हणून वाफे लहान करण्याचे प्रयत्न चालू आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तिचा वाफा ६ किलोमीटरचा आहे. खास वादळासाठी अमेरिकेत तयार झालेली 'एच.डब्ल्यू.आर.एफ.' ही प्रणाली आपल्या हवामान विभागानेही वापरात आणली. तिच्यात १८ किलोमीटरच्या वाफ्यांत ६ किलोमीटरचे आणि त्यांच्या आत २ किलोमीटरचे वाफे असतात. आतील बारीक वाफे वादळाबरोबर पुढे सरकतात. अमेरिकेत तिची जागा २०२३ पासून 'हाफ्स' ही नवी प्रणाली घेत गेली.

किनाऱ्याजवळ अडचण कोठे येते?

वादळाच्या मार्गाचे अंदाज गेल्या काही दशकांत पुष्कळ सुधारले. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये फायलिन वादळ त्याच राज्यात गोपाळपूरजवळ आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलविल्यामुळे मृत्यूंची संख्या काही डझनांवर राहिली. वादळ कोठे जाणार हे कळू लागले. किनाऱ्यावर त्याचा वारा किती असेल हे सांगणे मात्र अजून अवघड आहे. याची चार कारणे आहेत.

(१) नोंदी कमी पडतात. समुद्रावरील वारा मोजणारा उपग्रह पाण्यावरील बारीक लाटांवरून वेग काढतो. किनाऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरच्या आत जमिनीचे प्रतिध्वनी त्यात मिसळतात आणि मोजमाप बिघडते. म्हणजे आपल्याला जेथे सर्वांत जास्त गरज, तेथेच ही नजर अधू होते. किनाऱ्यावरील यंत्रेही वादळात टिकतीलच असे नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील अँड्र्यू हे हरिकेन. अटलांटिकमधील चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात. २४ ऑगस्ट १९९२ रोजी ते दक्षिण फ्लोरिडात होमस्टेड गावाजवळ किनाऱ्यावर आले. तेथील हरिकेन केंद्राच्या गच्चीवरचे रडारच वाऱ्याने उडाले. त्या भागातील आंबा, अ‍ॅव्होकॅडो आणि लिंबाच्या बागांचे अतोनात नुकसान झाले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर धरला गेला. पुढे १९९७ पासून विमानातून वादळात सोडण्याच्या नव्या नळ्या वापरात आल्या. छत्रीला बांधलेली ही नळी समुद्रापर्यंत खाली येताना वाटेतील वाऱ्याची नोंद पाठवीत राहते. विमानाच्या उंचीवरचा वारा समुद्राजवळ किती उरतो, हे त्यावरून नीट समजले. त्या आधारे २००२ मध्ये अँड्र्यूचा वेग सुधारून सुमारे २६५ किलोमीटर ठरविण्यात आला. घडून गेलेल्या वादळाचा आकडा दुरुस्त होण्यास दहा वर्षे लागली; यावरून पुढचा आकडा सांगणे किती कठीण आहे, याची कल्पना यावी.

(२) पृष्ठभाग बदलतो. समुद्र गुळगुळीत, जमीन खडबडीत. झाडे, घरे आणि टेकड्या वाऱ्याला ओढून धरतात. समुद्रावर वारा वाढला की लाटा वाढतात आणि ओढ वाढते. परंतु ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या पुढे समुद्र फेसाने झाकला जातो आणि ओढ वाढायची थांबते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. जुन्या गणितात ही ओढ वाढतच जाते असे धरलेले होते. किनारा ओलांडल्यावर वाऱ्याची सरासरी उतरते, पण एकदम नव्हे. पुळणीलगतच्या पहिल्या काही ओळींना समुद्रावरचाच वारा लागतो. आत गेल्यावर सरासरी कमी झाली तरी हवेत घुसळण वाढते. सरासरी आणि झोत यांतील फरक समुद्रापेक्षा जमिनीवर जास्त असतो. झाड मोडते ते बहुधा झोताने.

(३) भूरूप बारीक आहे. आपल्या किनाऱ्यावर दोन किलोमीटरच्या एका वाफ्यात पुळण, माडाची वाडी, खाडी, कडा आणि वरचा सडा असे सर्व येऊ शकते. संगणक त्या सर्वांची एकच उंची आणि एकच खडबडीतपणा धरतो. प्रत्यक्षात कड्यावरून वर चढणारा वारा सड्याच्या कडेला वेग घेतो आणि अरुंद खाडीतून तो पन्हळीतून यावा तसा येतो. उलट टेकडीच्या पाठीमागील वाडीला आडोसा मिळतो. एकाच गावात सड्यावरची कलमे उन्मळतात आणि खालची वाचतात, ते यामुळे. कधी याच्या उलटही होते.

(४) वादळ अचानक जोर धरते. कोमट समुद्रावरून जाताना काही वादळे एका दिवसात कित्येक पटींनी बळावतात. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील अकापुल्को शहरावर २५ ऑक्टोबर २०२३ रोजी ओटिस हे वादळ सर्वांत वरच्या, म्हणजे पाचव्या श्रेणीत येऊन आदळले. आदल्या दिवशी सकाळी ते साधे वादळ होते आणि ते इतके बळावेल असे संगणकाच्या अंदाजांत दिसले नव्हते.

सुधारणा कोणत्या दिशेने चालली आहे?

अमेरिकेने २००९ मध्ये हरिकेन अंदाज सुधारण्याचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला. मार्ग आणि जोर या दोन्हींतील चूक दहा वर्षांत निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट होते. वाफे लहान करणे, विमानातील व किनाऱ्यावरील रडारच्या नोंदी थेट संगणकात भरणे आणि हवेबरोबर समुद्राचाही हिशेब करणे अशा वाटांनी काम पुढे गेले. समुद्राचा हिशेब लागतो, कारण वादळ स्वतःखालील पाणी ढवळून थंड करते आणि त्यामुळे त्याचे इंधन कमी होते. आपल्याकडे वादळात नियमित विमान पाठविण्याची सोय नाही. म्हणून इन्सॅट मालिकेतील उपग्रह आणि मुंबई-गोव्याची डॉप्लर रडार यांवर आपला भर आहे. रडार किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत वारा मोजते, त्यामुळे उपग्रहाची किनाऱ्याजवळची उणीव काही अंशी भरून निघते.

जमिनीवर आल्यानंतर वारा कसा उतरतो, याचेही सोपे गणित आहे. कॅप्लन आणि डिमारिया या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ते मांडले. किनारा ओलांडताच वेग दहा टक्क्यांनी घटतो आणि त्यानंतर ताशी ५० किलोमीटरच्या वर जेवढा वेग असेल, तो दर सात तासांनी सुमारे निम्मा होतो. या हिशेबाने ताशी ११५ किलोमीटरचा वारा किनारा ओलांडल्यावर १०४ वर येईल आणि सात तासांनी साधारण ७७ वर. हे गणित अमेरिकेतील सपाट किनाऱ्यावरचे आहे. सह्याद्रीसारखा डोंगर आडवा असेल तेथे ते तसेच्या तसे लावू नये. तरी वादळ किनाऱ्यावर आले की संपले असे नसते, एवढे त्यावरून ध्यानात येते. निसर्ग वादळ घाट चढून पुणे जिल्ह्यात गेले आणि तेथेही घरांचे व शेतीचे नुकसान झाले.

आणखी एक सुधारणा आपल्या उपयोगाची आहे. सुरुवातीच्या नोंदी कधीच पूर्ण अचूक नसतात. म्हणून त्यांत थोडा थोडा फरक करून संगणकाला तोच हिशेब अनेक वेळा करावयास लावतात. युरोपीय केंद्र तो ५० वेळा करते. पन्नासपैकी चाळीस वेळा वारा जोराचा निघाला तर भरवसा जास्त, दहा वेळा निघाला तर कमी. यामुळे 'वादळ येणार की नाही' याऐवजी 'शक्यता किती' हे सांगता येते. बागायतदाराने याचा हिशेब असा करावा. समजा, नारळाच्या पेंडी उतरविणे, आधार देणे, मजुरी असा खर्च ५ हजार रुपये आहे आणि त्यामुळे ५० हजारांचे नुकसान टळणार आहे. मग जोराच्या वाऱ्याची शक्यता दहात एकाहून जास्त असेल तर खर्च करणे फायद्याचे. वारा आला नाही म्हणून तो पैसा फुकट गेला, असे मानू नये.

आपण कोणत्या बाजूला आहोत?

आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. पश्चिम किनाऱ्यावर वादळ आले की केंद्राच्या दक्षिणेकडील गावांवर वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो आणि उत्तरेकडील गावांवर जमिनीकडून समुद्राकडे जातो. वादळाची स्वतःची चाल ईशान्येकडे असेल, तर तीही दक्षिण बाजूच्या वाऱ्यात मिळते. म्हणून दक्षिण बाजू अधिक धोक्याची.

निसर्गच्या वेळी केंद्र हरिहरेश्वर ते दमण या दरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडील, असा अंदाज आधीच दिला होता आणि तो खरा ठरला. तो पट्टा सुमारे अडीचशे किलोमीटरचा आणि फक्त केंद्रासाठी होता. वाऱ्याचा पसारा त्याहून मोठा असतो. मंडणगड आणि दापोली हे तालुके हरिहरेश्वरच्या दक्षिणेस असूनही तेथील बागा मोडल्या. उत्तरेकडील मुंबई बरीचशी बचावली. म्हणून पत्रकात आपल्या गावाचे नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये. केंद्र आपल्या उत्तरेकडून जाणार आहे का, हे आधी पाहावे.

बागायतदारांनी काय करावे?

अरबी समुद्रात मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे दोन हंगाम. निसर्ग जूनमधील, तौक्ते मे २०२१ मधील आणि फयान नोव्हेंबर २००९ मधील. या काळात पुढील क्रम ठेवावा.

सुमारे ७२ तास आधी पहिली सूचना मिळते. तेव्हा माडावरील सुकलेल्या झावळ्या आणि जड पेंडी उतरवाव्यात. पाण्याचे चर मोकळे करावेत. भिजून मऊ झालेल्या जमिनीत मुळांची पकड सुटते.

सुमारे ४८ तास आधी, पिवळ्या इशाऱ्यावर, चौदा आणे तयार झालेला आंबा नूतन झेल्याने देठासह काढावा. अपक्व फळ घाईने काढू नये. नवीन कलमांना व केळीला दोन बाजूंनी बांबूचा आधार द्यावा.

सुमारे २४ तास आधी, नारिंगी इशाऱ्यावर, पंप, ठिबकचे सुटे भाग, क्रेट आणि पत्रे बंदिस्त जागी हलवावेत. गुरे झाडांखाली बांधू नयेत.

वादळाच्या वेळी बागेत जाऊ नये. वारा एकाएकी थांबला तर वादळाचा डोळा आपल्यावर आला असे समजावे. थोड्याच वेळात उलट दिशेने तितकाच जोराचा वारा येतो. एका बाजूला कललेली झाडे तेव्हा पडतात आणि बाहेर निघालेली माणसे सापडतात.

वादळानंतर अर्धवट उन्मळलेली तरुण कलमे मुळे सुकण्यापूर्वी उभी करावीत. आधी फांद्यांचा भार कमी करावा, मुळे मातीने झाकावीत, आधार द्यावा आणि पाणी द्यावे. छाटलेल्या जागी बोर्डो मलम लावावे. त्यासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १० लिटर घ्यावे. सावली गेल्याने खोडाची साल उन्हाने भाजते. फ्लोरिडात अँड्र्यूनंतर उभ्या केलेल्या झाडांच्या खोडांना चुना लावण्याची शिफारस होती. आपल्याकडेही ते करण्यासारखे आहे.

कायमचा उपाय म्हणून समुद्राच्या बाजूस सुरूसारख्या झाडांचा पट्टा लावावा. त्याच्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो. पट्टा अगदी भिंतीसारखा दाट नसावा. त्यातून थोडा वारा गाळून जाऊ द्यावा, नाहीतर पलीकडे भोवरे तयार होतात.

आपली नोंद मोलाची

शेवटी एक विनंती. अँड्र्यूनंतर फुजिता या शास्त्रज्ञाने नुकसानीची पाहणी करून वाऱ्याचा नकाशा काढला. अशा पाहणीत पडलेली झाडे कोणत्या दिशेला पडली, हाच मोठा पुरावा असतो. किनाऱ्यावर वारा मोजणारी यंत्रे थोडी आहेत, पण झाडे गावोगाव आहेत. वादळ ओसरल्यावर झाडे तोडून रस्ता करण्यापूर्वी एका वहीत चार गोष्टी लिहाव्यात : वारा कोणत्या दिशेने आणि किती वाजता आला, किती वाजता फिरला, कोणत्या जातीची व किती वयाची झाडे कोणत्या दिशेला पडली, आणि ती मुळासकट उन्मळली की मधून मोडली. सोबत सडा, उतार, खाजण की पुळण हेही लिहावे. ही नोंद कृषी विद्यापीठाच्या कृषी हवामान केंद्राकडे पोचवावी. दोन किलोमीटरच्या वाफ्यात संगणकाला न दिसणारा सडा आणि खाडी अशाच नोंदींतून शास्त्रज्ञांना दिसू लागतील, आणि पुढच्या वेळी आपल्या वाडीसाठी मिळणारा आकडा खऱ्याच्या अधिक जवळ येईल.

 शंका असतील त्या आता विचाराव्यात.